पाणी मिळत असल्याचा दाखला

एप्रिल संपायच्या आतच हरफूल कॉलनीतला बोअर आटला. मोटर चालू केली की नळ दोन मिनिटं नुसता फुसफुसायचा, मग रेती मिसळलेली तांबडी धार यायची आणि तीही थांबायची. फरीदाबादच्या या टोकाला वीतभर मातीखाली सगळा अरवलीचा दगड. हरफूल नावाच्या शेतकऱ्यानं आपलं रान तुकडे पाडून विकलं आणि त्यावर ही कॉलनी उभी राहिली. सरकारच्या नकाशात ती नव्हती, मतदारयादीत मात्र होती.

तिसऱ्या गल्लीत काटकरांच्या दोन खोल्या. शहाजी काटकर मराठा पलटणीतून हवालदार म्हणून रिटायर झाला. शेवटचं पोस्टिंग दिल्ली कॅन्टोन्मेंटचं, तिथून तो परत साताऱ्याकडं गेलाच नाही. आता एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर होता. बायको तानूबाई घरी फॉल-पिकोचं मशीन चालवायची. मुलगा राजवीर नोएडात एका न्यूज वेबसाइटच्या ऑफिसात कामाला होता आणि घरात फक्त झोपायला यायचा.

बोअर गेल्यापासून टँकरवर आलं. मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा, तेही दहा फोन केल्यावर. तानूबाई आणि शेजारची देविका सकाळी सहाला डबे रांगेत लावून उभ्या राहायच्या. देविका उत्तर प्रदेशातल्या इटाव्याकडची, नवरा वारलेला, दोन मुली पदरात, सेक्टरातल्या तीन घरी स्वयंपाक करायची. टँकर येईपर्यंत नऊ वाजायचे, तिच्या एका घरचा नाश्ता बुडायचा आणि बोलणी खावी लागायची. टँकरवाला पाइप हातात धरून राजासारखा उभा राहायचा आणि ज्याचं तोंड आवडेल त्याचा डबा आधी भरायचा. "ए मरहट्टन, पीछे," तो म्हणायचा, आणि तानूबाई मागं सरकायची. वीस लिटरचा डबा उचलताना तिच्या कमरेत कळ यायची. ती उभी राहून श्वास घ्यायची आणि मग चालायला लागायची.

मतदान मेच्या शेवटाला होतं. गल्लीतल्या पोरांनी चादरीवर लिहून फलक टांगला, 'पानी नहीं तो वोट नहीं'. शहाजी ड्यूटीवरून आला, त्यानं तो वाचला आणि स्टूल आणून स्वतःच्या हातानं उतरवला.

तानूबाई म्हणाली, "राहू द्या की. तुमचं काय जातंय त्यात?"

"तानू, मत न देणं म्हंजे लढाईत मोर्चा सोडून पळणं. मी बर्फात उभा राहून मतपेट्या राखल्यात. एका गावात सात मतं पडायची, त्या सातांसाठी आमी दोन दिवस चढत गेलो. फुकट नव्हतं ते."

हे त्याचं मनापासूनचं होतं, यात शंका नाही. निवडणुकीचं नाव निघालं की हा माणूस अजून ताठ उभा राहायचा. तानूबाईला त्याचं हेच आवडायचं. बाकी घरात तो काडीचं काम करायचा नाही.

चार दिवसांनी उमेदवाराचा माणूस आला. चिराग त्याचं नाव, पांढरे बूट, बोलायला गोड. मंजूर झालेली लाइन आहे, पाइप उद्या पडतील, म्हणाला. फक्त गल्लीतली खणाई लोकांनी केली तर मतदानाआधी पाणी, ठेकेदाराच्या भरवशावर राहिलात तर दिवाळी. गल्ली कुरकुरली. असली गोड बोलणी तिनं पुष्कळ ऐकली होती. तेव्हा शहाजी पुढं झाला आणि दार दार फिरला. प्रत्येक दारात एकच वाक्य बोलला, "मैं ज़िम्मेदारी लेता हूँ."

लोक फावडी घेऊन बाहेर पडले ते चिरागसाठी नव्हे, या वाक्यासाठी.

नऊ दिवस खणलं. सकाळी पाच ते नऊ आणि संध्याकाळी सहानंतर, कारण मधल्या वेळात बाहेर उभं राहणं शक्य नव्हतं. लू सुरू झाली होती. भाजलेली हवा तोंडावर यायची आणि डोळ्यांतलं पाणीसुद्धा सुकवून जायची. वरची माती पहिल्या दिवशीच संपली. मग कुदळ दगडावर आपटून हातात झिणझिण्या आणायला लागली. गड्यांना वाटलं होतं की बायका घमेली वाहतील. पण तानूबाई पोरवयात दुष्काळी कामावर होती, दगडाची शीर कशी बघायची आणि पहार कुठं घालायची हे तिला ठाऊक होतं. तिनं लुगड्याचा कासोटा मारला आणि खड्ड्यात उतरली. तिसऱ्या दिवसापासून अडलेला दगड आला की बिहारी, गढवाली गडीसुद्धा "मौसी को बुलाओ" म्हणायला लागले. हाताला फोड आले, फुटले, त्यावर तिनं हळद दाबली आणि फडकं बांधलं. रात्री पोळी लाटताना पोळपाटावर पिवळे डाग पडायचे.

राजवीर एका रविवारी खड्ड्यात उतरला. दहा मिनिटं कुदळ चालवली, मोबाइलवर रील काढली आणि खोलीत जाऊन पंख्याखाली पडला.

"सब मिले हुए हैं, आई. हा इलेक्शनपुरता ड्रामा आहे यार," तो म्हणाला. "मी तर वोट पण नाही करणार."

"तुझं तोंड बरं चालतंय. हात चालव."

सहाव्या दिवशी खड्ड्याच्या कडेचा धोंडा सुटला आणि देविकाच्या पायावर आला. अंगठ्याचं नख निघालं. तानूबाईनं तिचा हात आपल्या खांद्यावर घेऊन तिला घरी नेलं, पाय धुतला. धुवायला अर्धा तांब्या पाणी लागलं. तेवढं पाणी वाया गेलं म्हणून देविकालाच वाईट वाटत होतं.

"दीदी, आएगा ना पानी?"

"येणार. त्यांनी जिम्मेदारी घेतलीय ना."

पाइप पडले, निळे, नवे कोरे. खड्डा बुजला, प्रत्येक दारात तोटी बसली. राहिलं फक्त चाळीस फुटांचं काम. गल्लीच्या तोंडापासून मोठ्या रस्त्याखालच्या मेन लाइनपर्यंत जोडायचं. त्याला रस्ता फोडायची परवानगी लागते, सोमवारी होईल, असं साकेत म्हणाला. साकेत हा पाणीखात्याचा ज्युनियर इंजिनिअर, तिशीच्या आतला, शहाजीला न चुकता "फौजी साब" म्हणणारा.

मतदानाला सगळी गल्ली गेली. शहाजी मेडल लावून पुढं, मागं बायका. देविका चपलेत मावत नसलेल्या पायानं लंगडत आली, रांगेत दीड तास उभी राहिली आणि शाई लावलेलं बोट मुलींना दाखवून हसली. राजवीर घरी झोपला होता.

सोमवार आला आणि गेला. त्याच्यानंतरचेही गेले. चिरागचा फोन लागेना. चकचकीत तोट्या दारोदार होत्या, पोरं त्या फिरवून हवा ऐकायची. टँकर मात्र आता आठवड्यातून एकदाच येऊ लागला आणि का, ते कुणी सांगेना.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाणीखात्याच्या ऑफिसात तक्रारींचं शिबिर लागलं. शहाजीला सुट्टी नव्हती, निदान तो तसं म्हणाला. तानूबाई, देविका आणि आणखी पाच-सहा बायका गेल्या. तीन तास व्हरांड्यात बसल्यावर आत बोलावलं. साकेत टेबलापाशीच उभा होता. त्यानं तानूबाईकडं बघितलं आणि खाली मान घातली. बाजूच्या बाबूनं फाइल उघडली.

"तीसरी गली? यहाँ तो काम पूरा है. पानी सुचारू रूप से मिल रहा है, ये लिखा है."

"कौन लिखा?" देविकानं विचारलं.

बाबूनं कागद फिरवला. तानूबाई सातवीपर्यंत शिकलेली होती, आणि ही अक्षरं वाचायला तेवढंही लागलं नसतं. 'कॉलोनी प्रतिनिधि' या शब्दांच्या खाली सही होती. श-चा मोठा फेरा, शेवटी दोन रेघा. पेन्शनच्या कागदावर, राजवीरच्या शाळेच्या दाखल्यावर, सीमेवरून आलेल्या प्रत्येक पत्राच्या तळाला ती सही तिनं बघितली होती. त्या पत्रांवर ती एकेकाळी बोट फिरवायची. खाली तारीख होती मतदानाच्या पाच दिवस आधीची.

परत येताना शेअर ऑटोत सगळ्या बायका एका बाजूला दाटीवाटीनं बसल्या आणि तानूबाईच्या शेजारची जागा तशीच राहिली.

शहाजी संध्याकाळी आला. बूट काढायच्या आत तिनं विचारलं, "तुमी सही केलीय?"

तो बराच वेळ नाडी सोडत राहिला.

"केली."

"वाचून केली?"

"वाचूनच केली. मी काय अडाणी हाय?"

"पाणी मिळतंय असं लिवलंय त्यात. आपल्या तोटीला थेंब न्हाई."

"तानू, तुला त्यातलं कळायचं न्हाई." तो समजुतीच्या सुरात बोलायला लागला, आणि तो सूर तिला जास्त लागला. "साकेत म्हणला, मतदानाआधी फाइल पुरी दिसली पायजे, न्हाईतर काम तिथंच थांबतं. सोमवारी जोडतोच म्हणला. फौजेत आमच्या कंपनीत असंच असायचं. संध्याकाळी गिनती, म्हंजे हजेरी, झाली की 'सब ठीक' म्हणायचं. एखादा जवान आला नसला तरी आधी 'सब ठीक', मग रातोरात त्याला हुडकून आणायचा. सायबासमोर 'न्हाई झालं' म्हणत न्हाईत."

"आणि जवान घावलाच न्हाई तर?"

शहाजीनं बूट भिंतीशी सरकवले. मग म्हणाला, "साऱ्या कॉलनीत त्यानं माझंच नाव काढलं. म्हणला, फौजी साब, आपके साइन की इज़्ज़त है."

म्हणजे खरं हे होतं. तानूबाईला रडू आलं नाही. नऊ दिवस ती ज्या खड्ड्यात उभी होती त्याच्या काठावर हा माणूस पाण्याचा तांब्या घेऊन यायचा, "शाब्बास, आता थोडंच राहिलं" म्हणायचा. त्यातल्या शेवटच्या दिवसांत खोटा कागद लिहून झालेला होता आणि तरी तो शाब्बास म्हणत होता. हे तिला सहन होईना. त्यानं एकदा सांगितलं असतं तरी ती भांडली असती, पण सोबत राहिली असती.

गल्लीला दुसऱ्या दिवसापर्यंत सगळं कळलं आणि प्रत्येकानं आपापल्या परीनं त्यात भर घातली. फौजीनं फ्लॅट घेतला, फौजीच्या पोराला नोकरी लागली. टँकरच्या रांगेत तानूबाईचा डबा कुणीतरी पायानं बाहेर ढकलला.

"फौजी के घर तो पानी आ रहा है. कागज़ में लिखा है," एकजण म्हणाला, आणि रांग हसली. टँकरवालाही हसला. तानूबाईनं डबा उचलला आणि शेवटाला नेऊन ठेवला. तिची पाळी यायच्या आत टँकर संपला. देविका तिच्या पुढंच होती. तिनं आपल्या डब्यातलं थोडं पाणी तिला ओतून दिलं, पण तोंडानं बोलली नाही.

राजवीरला मात्र उलट चेव आला. "मी बोललो होतो ना, आई? कोणावर ट्रस्ट करायचाच नाही. बिल्कुल नाही. मग कोणी चीट करूच शकत नाही."

तानूबाईनं त्याच्याकडं बघितलं. हा कशावर विश्वास ठेवत नव्हता म्हणून याला कुणी फसवलं नव्हतं. यानं डबाही उचलला नव्हता. क्षणभर तिला त्याचा हेवा वाटला, आणि मग इतका राग आला की तिनं त्याच्या पुढचं ताट उचलून मोरीत ठेवलं.

"विश्वास न्हाई म्हणायला काय लागतंय रं? पंख्याखाली पडून म्हणता येतंय. माझी कंबर मोडलीय तो विश्वास ठेवून. मला तरी बोलायचा हक्क हाय, तुला न्हाई."

तिनं ठरवलं की हा कागद रद्द करायचा. त्यासाठी अर्ज लिहून घेतला आणि सह्यांना गल्लीत फिरली. बावीस दारं. कुणी दार उघडून नमस्कार केला, कुणी उघडलंच नाही. एक म्हातारा गढवाली तेवढा नीट बोलला. "बेटी, अब हम कहीं साइन नहीं करते. एक साइन का हाल देख लिया." चिरागवर कुणाचा एवढा राग नव्हता. चिराग खोटं बोलणारच, हे गल्लीनं धरलेलंच होतं. शहाजी बोलेल हे धरलेलं नव्हतं.

सरतेशेवटी तिनं नवऱ्याला धरलं. दोन आठवडे ती त्याच्याशी बोलली नाही, त्याचा डबा भरून दारात ठेवायची आणि आत जायची. पंधराव्या दिवशी तो स्वतः म्हणाला, "काय करू म्हणतीस?"

"चला, आणि लिवून द्या. मी ठाऊक असताना खोटी सही केली म्हणून. तुमच्या हातानं. मग मी गल्लीत मान वर करून फिरंन, आणि तुमीबी."

"केस होईल माझ्यावर."

"व्हऊ दे. मी डबा घेऊन येईन तुरुंगात."

तो खिन्न हसला, आणि बऱ्याच दिवसांनी तिला तो जवळचा वाटला. त्यानं शर्टाला इस्त्री केली. निघताना देविका दारात उभी होती. पाय अजून बरा नव्हता, पण आज तिला सुट्टी होती.

"साथ चलूँगी, दीदी. साइन नहीं करूँगी."

पुढच्या शिबिराच्या टेबलाशी साकेतच्या वरच्या नव्या मॅडम होत्या, अलकनंदा मॅडम. मूळच्या नाशिकच्या, बदली होऊन महिनाच झाला होता. आडनाव ऐकलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "काटकर? बसा ना काकू. इकडे मराठी कानावर पडतच नाही हो." पाणी मागवलं, गार ग्लासभर. तानूबाईनं ते एका दमात प्यायलं आणि तिला बाहेर बसलेली देविका आठवली, पण मागायचं कसं म्हणून गप्प राहिली.

तिनं सगळं सांगितलं, न लपवता. "ह्यांना ठाऊक होतं, मॅडम. वाचून सही केलीय. तसं लिवून द्यायला आलोय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. दाराकडं बघून आवाज उतरवला.

"काकू, हे मी ऐकलं नाही असं समजा. काका जर 'जाणूनबुजून केली' असं लिहितील, तर मला फाइल पोलिसांकडे पाठवावी लागेल. मग दोन वर्षं त्या लाइनला कुणी हात लावणार नाही. एव्हिडन्स होते ती. तुम्ही असं लिहा, की कागद वाचू दिला नाही, हिंदी नीट समजलं नाही, हजेरीचा कागद म्हणून सही घेतली. मग पंधरा दिवसांत मी रस्ता फोडून देते. बिल्कुल, माझा शब्द. साकेतला मी बघून घेईन. दोन साक्षीदार फक्त लागतील."

त्या वाईट नव्हत्या. खरोखर मदत करत होत्या, हे तानूबाईला कळत होतं, आणि म्हणूनच त्यांना नाही म्हणणं तिला जड झालं. तिनं शहाजीकडं बघितलं. हा नाही म्हणेल असं तिला वाटलं. बर्फात सात मतांसाठी चढलेला माणूस निदान एवढं तरी म्हणेल, की मॅडम, मी वाचलं होतं.

शहाजीच्या खांद्यांवरचा भार उतरलेला तिला दिसला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यानं कागद पुढं ओढला आणि वळणदार अक्षरांत लिहायला लागला. 'मुझे हिंदी का पूरा ज्ञान नहीं है'. चोवीस वर्षं फौजेत हिंदीत हुकूम देणारा माणूस. मधे एकदा थांबून त्यानं मॅडमना विचारलं, "'धोखे से' लिहू का?" मॅडम म्हणाल्या, लिहा. त्यानं ते वाक्य ठळक केलं.

तानूबाईचा नवरा त्या खुर्चीत दुसऱ्यांदा खोटं लिहीत होता, या वेळी तिच्यादेखत, आणि त्याला तिनंच तिथं आणलं होतं. पहिल्या वेळी निदान तो एकटा होता.

"काकू, पहिली साक्ष तुमची," मॅडम म्हणाल्या.

तिच्या डोळ्यांसमोर गल्ली आली, रिकाम्या तोट्या, देविकाच्या मुली. दोन वर्षं किंवा पंधरा दिवस. तिनं पेन घेतलं. हाताचे फोड भरून तिथं आता घट्टे पडले होते आणि पेन नीट धरता येत नव्हतं. तिनं सावकाश आपलं नाव लिहिलं.

"आणि दुसरी? घरचीच नको, बाहेरचं कुणीतरी."

तानूबाई उठून व्हरांड्यात गेली. देविका भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती. तिला तिनं हाताला धरून आत आणलं. मॅडमनी कागद तिच्यासमोर सरकवला. देविकानं त्याच्यावरून नजर फिरवली. तिला छापील थोडं वाचता यायचं, हातानं लिहिलेलं नाही. साकेत दारात येऊन उभा राहिला होता, बाबू बघत होता. शहाजीनं पेनाला टोपण लावलं होतं आणि तो खिडकीबाहेर बघत होता.

"आपके कहने पर कर रही हूँ, दीदी," देविका म्हणाली. "और किसी के कहने पर नहीं करती. सच लिखा है ना?"

"बिल्कुल सच," तानूबाई म्हणाली, आणि तिनं बोट ठेवून सहीची जागा दाखवली.